मानसशास्त्राचे पहिले वर्ष

बारावीचा निकाल लागून महाविद्यालयीन प्रवेशाची धांदल सुरू झाली, म्हणजे पुष्कळ घरांत एक संवाद हटकून घडतो. मुलगी म्हणते, "मी मानसशास्त्र घेणार." वडील विचारतात, "त्याचा पुढे उपयोग काय?" आजी म्हणते, "माणूस ओळखायला पुस्तक कशाला हवं? चार पावसाळे पाहिले की आपोआप कळतं." आणि शेजारचे गृहस्थ थट्टेने म्हणतात, "आता हिच्यापुढे जपून बोललं पाहिजे. मनातलं ओळखून टाकेल!"

हे उद्गार वरवर हलकेफुलके असले, तरी त्यांच्यामागे या विषयासंबंधीच्या तीन रूढ समजुती आहेत. एक, हा विषय निरुपयोगी आहे. दोन, तो अनुभवाने आपोआप येतो. तीन, ती दुसऱ्याच्या मनात डोकावण्याची विद्या आहे. तेव्हा पहिल्या वर्षाला शिकविला जाणारा मानसशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम प्रत्यक्षात काय शिकवितो आणि काय शिकवीत नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे. हा विचार केवळ विद्यार्थ्यांच्याच उपयोगाचा आहे असे नाही. मनासंबंधीचे खरेखोटे ज्ञान आज वर्तमानपत्रांतून, व्याख्यानांतून आणि हातातल्या फोनवरून घरोघरी पोहोचते. त्यातले काय घ्यावे आणि काय सोडावे, हे ठरविण्याची वेळ प्रत्येकावर येते.

आजीच्या म्हणण्यापासून आरंभ करू; कारण तिन्ही आक्षेपांत तिचा आक्षेप सर्वांत बळकट आहे. मन प्रत्येकाला आहे आणि आयुष्यभर त्याच्याशीच गाठ आहे. मग त्याचे वेगळे शास्त्र कशाला? परंतु पोटही प्रत्येकाला आहे. आपण रोज दोन वेळा जेवतो, तेवढ्याने पचन कसे होते हे कोणाला समजते का? पोट दुखते एवढे त्याच्या धन्याला कळते. का दुखते, ते वैद्याला विचारावे लागते. मनाचेही तसेच आहे. राग आला हे आपल्याला कळते; तो का आला, याचे जे कारण आपण सांगतो ते खरे असतेच असे नाही. आजीचे चार पावसाळे मोलाचे आहेत, यात शंका नाही. पण दुसऱ्या घरच्या आजीने तेवढेच पावसाळे पाहून नेमके उलटे अनुमान काढले असेल, तर खरे कोणाचे मानावयाचे? या प्रश्नापाशी अनुभव थांबतो आणि शास्त्राला आरंभ होतो.

आपल्याकडे मनाचा विचार नवा नाही. समर्थ रामदासांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक रचले, आणि ते शतकानुशतके घरोघरी म्हटले गेले. परंतु तेथील हेतू मनाला वळण लावण्याचा आहे. मनाला उपदेश करणे ही एक गोष्ट, आणि मनाचे व्यापार प्रयोगशाळेत मोजून पाहणे ही दुसरी. ही दुसरी गोष्ट फार अलीकडची आहे. जर्मनीतील लाइप्झिग विद्यापीठात विल्हेल्म वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा १८७९ साली सुरू केली, आणि या शास्त्राचा स्वतंत्र संसार सामान्यतः तेव्हापासून मोजला जातो. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली; म्हणजे प्रायोगिक मानसशास्त्र आपल्या व्याख्यानमालेपेक्षाही चार वर्षांनी धाकटे आहे! भारतात या विषयाचा पहिला स्वतंत्र विभाग कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली निघाला. ज्योतिष, वैद्यक, गणित यांच्या वयाशी तुलना केली, तर हे शास्त्र अजून बाल्यावस्था ओलांडून नुकतेच बाहेर पडते आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे त्याच्याकडून किती अपेक्षा करावी याचा अंदाज येतो.

आता वर्गात जाऊ. विद्यार्थी येतात ते स्वप्ने, संमोहन, गुन्हेगाराचे मन, मनोविकार अशा विषयांची उत्सुकता घेऊन. काहीजण त्याहून खोल कारणाने येतात. घरात कोणाच्या तरी उदासीपणाने सगळे घर झाकोळलेले असते, किंवा स्वतःच्याच मनाचा गुंता सुटत नसतो. पुस्तक उघडावे, तर पहिल्या प्रकरणात अभ्यासपद्धती आणि दुसऱ्यात मज्जापेशी! पुढे वेदन आणि संवेदन, अध्ययन, स्मृती, विचार आणि बुद्धी, प्रेरणा आणि भावना, व्यक्तिमत्त्व असा क्रम लागतो. ज्या मनोविकारांसाठी विद्यार्थी आलेला असतो, ते बहुधा शेवटी येतात. पुष्कळांचा येथे विरस होतो. परंतु हा क्रम कोणाच्या लहरीने ठरलेला नाही. पहिले प्रकरण नीट समजले नाही, तर पुढची सारी प्रकरणे म्हणजे नुसत्या चुरचुरीत गोष्टी होऊन बसतात.

त्या पहिल्या प्रकरणातले मर्म एका साध्या उदाहरणाने सांगता येईल. समजा, एखाद्या शहरात पाहणी केली आणि असे आढळले, की खासगी शिकवणीला जाणाऱ्या मुलांना न जाणाऱ्यांपेक्षा अधिक गुण मिळतात. यावरून शिकवणीमुळे गुण वाढतात, असे म्हणता येईल काय? आपण बहुतेकजण लगेच होकार देऊ. पण शिकवणीची फी भरू शकणाऱ्या घरांत अभ्यासाला वेगळी खोली असते, आईवडील शिकलेले असतात, मुलाला घरकामात किंवा दुकानात हातभार लावावा लागत नाही. गुण शिकवणीने वाढले, की या साऱ्यामुळे? नुसत्या पाहणीतून याचे उत्तर निघत नाही. दोन गोष्टी बरोबरीने वाढतात, एवढेच तिच्यातून दिसते. याला सहसंबंध म्हणतात, आणि सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे.

मग कारण शोधावयाचे कसे? त्यासाठी प्रयोग करावा लागतो. दोनशे मुले घ्यावयाची, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करावयाचे, एका गटाला शिकवणी द्यावयाची आणि दुसऱ्याला द्यावयाची नाही. चिठ्ठीला कोणाची श्रीमंती ठाऊक नसते आणि हुशारीही ठाऊक नसते. त्यामुळे सधन आणि गरीब, हुशार आणि सामान्य, दोन्ही प्रकारची मुले दोन्ही गटांत सारख्या प्रमाणात विभागली जाण्याचा संभव असतो. आता जर गुणांत ठळक फरक पडला, तर तो शिकवणीचा म्हणावयास आधार मिळाला. ज्या गटाला काहीच दिले नाही, त्याला नियंत्रित गट म्हणतात. हा काही न मिळालेला गट फार महत्त्वाचा. "अमुक औषध घेतले आणि सर्दी सात दिवसांत बरी झाली" असे कोणी म्हणाले, की औषध न घेतलेल्यांची सर्दी किती दिवसांत बरी झाली, हा प्रश्न मनात उभा राहिला पाहिजे. हा प्रश्न विचारण्याची सवय जडली, तरी पहिल्या वर्षाची निम्मी फी वसूल झाली असे समजावे.

या विषयाचे प्रात्यक्षिकही असते. दोन दोन विद्यार्थ्यांच्या जोड्या लावतात. एक प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त. प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करावयाचा तो. नेहमीच्या प्रयोगांपैकी एक म्युलर-लायर या दृष्टिभ्रमाचा. जर्मन अभ्यासक म्युलर-लायर यांनी तो १८८९ साली प्रसिद्ध केला. समान लांबीच्या दोन रेघा घ्यावयाच्या. एकीच्या टोकांना बाणासारखी आत वळणारी पाती जोडावयाची, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकणारी. दुसरी रेघ लांब दिसते. प्रयोगासाठी एक सरकती पट्टी असते. प्रयुक्ताने ती पुढेमागे सरकवून दोन्ही रेघा समान करावयाच्या. प्रयोगकर्त्याने मागच्या मोजपट्टीवर पाहून चूक मिलिमीटरमध्ये टिपावयाची. असे अनेक वेळा करून सरासरी काढतात. यातली गंमत अशी, की हा भ्रम आहे हे प्रयुक्ताला ठाऊक असते, तो धड्यात वाचलेला असतो, आणि तरीही त्याची चूक सुरूच राहते. नंतर पट्टीने मोजून दाखविले, तरी डोळ्यांना ती रेघ लांबच दिसते.

हा छोटा प्रयोग वहीत लिहून विसरून जाण्याजोगा नाही. भ्रम कळला म्हणून तो नाहीसा होत नाही, आणि म्हणूनच हाताशी मोजपट्टी ठेवावी लागते. एवढे शिकण्यासाठी दोन रेघा पुरतात.

अध्ययनाच्या प्रकरणात इव्हान पाव्हलॉव्ह भेटतात. हे मूळचे शरीरशास्त्रज्ञ. त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले तेही पचनक्रियेच्या संशोधनासाठी. पोटाची वाट मनाकडे वळली ती अशी. कुत्र्यांच्या तोंडात अन्न पडल्यावर लाळ किती सुटते, हे ते मोजीत असत. हळूहळू त्यांच्या ध्यानात आले, की अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच, लाळ सुटते. दोन गोष्टी वारंवार एकापाठोपाठ आल्या, की पहिली दुसरीची वर्दी देऊ लागते. याला अभिजात अभिसंधान म्हणतात. दवाखान्याच्या पायरीवरच रडू लागणारे मूल हे याचेच उदाहरण. त्याला सुई टोचलेली नसते, नुसता वास आलेला असतो. आई म्हणते, "उगाच रडतो." मानसशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल, उगाच नव्हे, मागच्या दोन खेपांना त्या वासापाठोपाठ सुई आली होती. आणि त्याच नियमाची दुसरी बाजूही तो सांगेल: त्याच दवाखान्यात सुईवाचून, खेळूनबागडून चार खेपा झाल्या, तर ती भीती ओसरू लागते.

पुढे बी. एफ. स्किनर यांचे प्रयोग येतात. कृतीनंतर फळ मिळाले, तर कृती पुन्हा घडते, हे सर्वांना माहीत आहे. पण फळ प्रत्येक वेळी न देता अधूनमधून, अवचित दिले, तर ती सवय अधिक चिवट होते, हे या प्रयोगांनी दाखविले. लॉटरीचे तिकीट दहा वेळा फुकट गेले तरी अकराव्यांदा घेणारा माणूस, किंवा काही आले का म्हणून पाच पाच मिनिटांनी फोन पाहणारे आपण, यांच्या वागण्यावर येथे बराच प्रकाश पडतो.

स्मृतीचे प्रकरण विद्यार्थ्याच्या सर्वांत जवळचे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने आपले संशोधन १८८५ साली प्रसिद्ध केले. त्याचा प्रयुक्त एकच होता, तो स्वतः. अर्थ असलेले शब्द एखाद्याला सोपे, एखाद्याला अवघड. म्हणून त्याने अर्थहीन अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या पाठ केल्या, आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करण्यास किती कमी श्रम पडतात ते मोजले. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रमांची बचत होई. एक तासाने ४४ टक्के. एक दिवसाने ३४ टक्के. आणि एक महिन्याने २१ टक्के. म्हणजे विसरणे सारख्या गतीने होत नाही. पहिल्या तासात निम्म्याहून अधिक गळती होते, आणि मग ती मंदावते.

मग ही गळती थांबवावयाची कशी? अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांचा २००६ सालचा एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना उतारे वाचावयास दिले. काही उतारे त्यांनी दोनदा वाचले. काही एकदा वाचले आणि मग कागद मिटून आठवतील तसे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा दोनदा वाचलेल्या उताऱ्यांचे ८१ टक्के आठवले, लिहून काढलेल्यांचे ७५ टक्के. पण आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत चित्र पालटले. दोनदा वाचलेल्यांपैकी ४२ टक्केच उरले होते, लिहून काढलेल्यांपैकी ५६ टक्के. पुन्हा वाचल्याने "आता आले" असे वाटते. आठवून पाहिल्याने ते खरोखर येते. दिवेलागणीला पाढे म्हणून दाखविण्याची आपल्याकडील जुनी रीत या दृष्टीने वाईट नव्हती. म्हणून दाखविणे म्हणजेच आठवून पाहणे होय. ही एक गोष्ट जरी विद्यार्थ्याने उचलली, तरी "याचा उपयोग काय?" या वडिलांच्या प्रश्नाचे एक उत्तर निकालपत्रावर मिळू शकेल.

परंतु स्मृतीचा याहून गंभीर धडा वेगळाच आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकात १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी चित्रफीत दाखविली. मग पन्नास जणांना विचारले, "मोटारी एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या, तेव्हा त्यांचा वेग किती होता?" दुसऱ्या पन्नास जणांना तोच प्रश्न, फक्त "एकमेकींना धडकल्या" असा सौम्य शब्द वापरून विचारला. उरलेल्या पन्नास जणांना वेगाविषयी विचारलेच नाही. आठवड्याने सर्वांना विचारले, "फुटलेली काच पाहिलीत का?" चित्रफितीत फुटलेली काच नव्हती. "चक्काचूर" ऐकलेल्या पन्नासांपैकी १६ जणांनी ती पाहिल्याचे सांगितले. "धडकल्या" ऐकलेल्यांपैकी ७ जणांनी. आणि वेगाचा प्रश्न न विचारलेल्यांपैकी ६ जणांनी. ही माणसे खोटे बोलत नव्हती. प्रश्नातला एक शब्द त्यांच्या आठवणीत शिरला होता आणि आठवण म्हणून वावरत होता.

याचा अर्थ साऱ्या आठवणी खोट्या, असा मात्र नव्हे. अर्थ एवढाच, की आठवणीविषयी वाटणारी खात्री आणि आठवणीचा खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलिसांनी साक्षीदाराला प्रश्न कसा विचारावा, मुलाची कागाळी ऐकताना आईने शब्द कोणते वापरावेत, वीस वर्षांपूर्वी कोण काय बोलले यावरून दोन भावांनी बोलणे टाकावे काय, हे सारे प्रश्न त्या काचेपाशी येऊन पोहोचतात.

आता शेजारच्या गृहस्थांच्या थट्टेकडे वळू. मानसशास्त्र शिकलेली व्यक्ती मनातले ओळखते काय? या शास्त्रातील एक प्रसिद्ध प्रयोग सांगतो, की ओळखल्याचा आभास निर्माण करणे फार सोपे आहे. बर्ट्रम फोरर या अध्यापकाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्वचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे वर्णन लिहून दिले. ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्यावयास सांगितले. सरासरी चाराहून अधिक आली. मग उघड झाले, की सर्वांना दिलेले वर्णन एकच होते, आणि त्यातील वाक्ये बव्हंशी ज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकातून घेतलेली होती! वरून धीट दिसत असलात तरी आतून तुम्हाला काळजी वाटते, तुमच्या गुणांचे पुरते चीज झालेले नाही, अशा धाटणीची विधाने कोणाला लागू पडणार नाहीत? साप्ताहिक भविष्य वाचताना "अगदी माझेच लिहिले आहे" असे वाटते, ते याच कारणाने.

हाच सापळा मनोविकारांच्या प्रकरणात विद्यार्थ्याची वाट पाहत असतो. लक्षणांची यादी वाचता वाचता ती स्वतःत दिसू लागतात, आणि स्वतःपुरते भागले की घरच्यांत. काका भारी संशयी, म्हणजे त्यांना अमुक विकार. वहिनी सारखी भांडी घासते, म्हणजे तिला तमुक विकार. अशी लेबले आता फोनवरील दोन मिनिटांच्या चित्रफितींतूनही फुकट मिळतात. वस्तुतः पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम हा अधिकार कोणालाही देत नाही. उदासी, भीती, संशय, टापटिपीचा अट्टहास हे कमीअधिक प्रमाणात सर्वांतच असतात. त्यांची तीव्रता किती, ती किती काळ टिकली, आणि त्यापायी माणसाचे काम, झोप, जेवण, नातीगोती यांचा किती बिघाड झाला, हे सारे तपासून जाणकार निदान करतो. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेऊन पुढे या शाखेत शिकलेला डॉक्टर असतो आणि तो औषधे देऊ शकतो. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ पदव्युत्तर शिक्षणानंतर रुग्णसेवेचे प्रशिक्षण घेतो आणि चाचण्या व संवादोपचार करतो. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी यांपैकी कोणीच नव्हे.

मात्र त्या विद्यार्थ्याच्या हातून एक मोठे काम होऊ शकते. घरातला माणूस आठवड्यांमागून आठवडे जेवत नाही, झोपत नाही, जगण्यात अर्थ नाही असे बोलतो, तेव्हा कोणी त्याला आळशी म्हणतात, कोणी नजर लागली म्हणतात, आणि कोणी बोभाटा नको म्हणून दार लावून घेतात. अशा वेळी "हे दुखणे असू शकते, आणि दुखण्याला इलाज असतो, आपण डॉक्टरांकडे जाऊ" एवढे म्हणणारे एक माणूस घरात असणे फार मोलाचे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ही सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही सरकारी दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. निदान करणे आणि दार उघडून देणे या दोन कामांत फरक आहे. दुसऱ्या कामासाठी पदवी लागत नाही.

एक प्रश्न आता साहजिकच उभा राहतो. हे शास्त्र दुसऱ्यांच्या खात्रीला पुरावा मागते, ते स्वतःच्या सिद्धान्तांनाही मागते काय? अलीकडच्या वर्षांत ते मागू लागले आहे, आणि त्याची फळे कडूही आहेत. पुष्कळ पाठ्यपुस्तकांत एक गोष्ट सांगितलेली असे. १९६४ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीस या तरुणीचा खून झाला. ३८ शेजारी खिडक्यांतून पाहत राहिले आणि कोणी मदतीला गेले नाही, असे वृत्त एका प्रतिष्ठित दैनिकाने दिले. त्या वृत्ताने चाळवले जाऊन लताने आणि डार्ली यांनी १९६८ साली प्रयोग प्रसिद्ध केले. दुसऱ्या खोलीतून कोणाला तरी झटका आल्याचे आवाज ऐकू येत. ऐकणारा एकटाच आहे अशी त्याची समजूत असली, तर तो बोलणे संपण्यापूर्वी मदतीस निघण्याचे प्रमाण ८५ टक्के. आणखी चार जण ऐकत आहेत असे वाटले, तर ३१ टक्के. जबाबदारी जितक्यांत वाटली जाते, तितकी प्रत्येकाच्या वाट्याला थोडी येते, असा निष्कर्ष निघाला.

पुढे त्या मूळ वृत्ताची छाननी झाली. खून डोळ्यांनी पाहणारे ३८ मुळीच नव्हते, फारच थोडे होते. एकाने ओरडून हल्लेखोराला हटकले होते, आणि एक शेजारीण खाली धावत जाऊन त्या तरुणीला शेवटपर्यंत कवटाळून बसली होती. वृत्त अतिरंजित होते, हे २०१६ साली त्या दैनिकानेही मान्य केले. २०१९ साली इंग्लंड, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिका येथील रस्त्यांवरच्या २१९ भांडणांची कॅमेऱ्यांनी टिपलेली चित्रे तपासली गेली. दहापैकी नऊ प्रसंगांत जवळच्या एका तरी माणसाने मध्ये पडून काही ना काही केले होते. म्हणजे प्रयोगशाळेतील खोलीत घडले ते खोटे नव्हे. पण त्यावरून "गर्दी नेहमी निष्ठुर असते" असा जो धडा लोकांनी घेतला, तो टिकत नाही.

याहून मोठा हादरा २०१५ सालचा. निरनिराळ्या देशांतील सुमारे २७० संशोधकांनी मानसशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांतले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ प्रयोगांपैकी जवळजवळ सर्वांनी ठळक परिणाम दाखविला होता. पुन्हा केल्यावर तो शेकडा ३६ च्या आसपास प्रयोगांतच दिसला. त्यानंतर प्रयोगापूर्वीच आपली अपेक्षा जाहीर नोंदविणे, अधिक माणसांवर प्रयोग करणे, आकडेवारी सर्वांना खुली करणे, अशा सुधारणा जोराने सुरू झाल्या. काहीजण यावरून म्हणतात, "मग हे शास्त्र कसले?" पण आपली पडझड आपणच मोजून छापणारा व्यवहार दुसरा कोणता आहे? ज्योतिषाची चुकलेली भाकिते ज्योतिष्यांनी मोजून छापल्याचे आपण ऐकलेले नाही.

आणखी एक मर्यादा आपल्या जवळची. हे ज्ञान बव्हंशी पाश्चात्त्य देशांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग करून मिळविलेले आहे. ते सर्व मानवजातीला लागू आहे काय? प्रात्यक्षिकातल्या त्या दोन रेघाच घ्या. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी निलगिरीतील तोडा लोकांना त्या दाखविल्या. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार, या भ्रमाला तोडा लोक इंग्रज माणसांपेक्षा कमी फसत होते. ज्याला आपण "माणसाच्या डोळ्यांची चूक" म्हणतो, ती सगळ्या माणसांत सारखी नसते, हे आपल्याच देशातील डोंगरावर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिसून आले होते. त्याचे कारण काय, यावर अजून वाद आहे. एकत्र कुटुंब, जात, गाव, परीक्षा, शेतीचे कर्ज यांचा आपल्या मनावर काय परिणाम होतो, हे आयत्या पाश्चात्त्य पुस्तकांतून पुरते कळणार नाही. ते येथल्या विद्यार्थ्यांनीच एक दिवस मोजून सांगावयाचे आहे.

तेव्हा ज्या घरी तो संवाद चालला आहे, तेथे काय सांगावे? वडिलांना सांगावे, की या एका वर्षाने नोकरी मिळत नाही. पण अभ्यास कसा करावा, जाहिरातीतला दावा कसा तपासावा, आणि ऐकीव गोष्टीवर किती भरवसा ठेवावा हे कळते, आणि ते कोणत्याही नोकरीत उपयोगी पडते. शेजाऱ्यांना सांगावे, की निर्धास्त बोला. मनातले कोणी ओळखणार नाही. आणि मुलीला सांगावे, की गोष्टी पाठ कर, नावे आणि साले पाठ कर, परीक्षेला ती लागतील. पण प्रत्येक गोष्टीपाशी चार प्रश्न विचारावयास विसरू नकोस. किती माणसांवर पाहिले? तुलना कोणाशी केली? दुसरे काही कारण संभवते का? आणि दुसऱ्या कोणी पुन्हा करून पाहिले का?

आजीला मात्र काही सांगण्यापेक्षा विचारावे. तिच्या पावसाळ्यांत पुष्कळ अनुमाने साठलेली आहेत; मुलीने ती ऐकून घ्यावीत, वहीत उतरवावीत, आणि त्यांतली कोणती तपासून पाहता येतील याचा विचार करावा. शास्त्राला प्रश्न पुरविण्याचे काम अनुभवी माणसांनी नेहमीच केलेले आहे.